व्याह्यांच्या कोटाला खळ

पौषातला शेवटचा रविवार. रक्कम सत्तावीस हजार रुपये. हजर माणसे तीन: मी, माझी बायको आणि आमचे व्याही. रक्कम रोख नव्हती. ती व्याह्यांनी अंगात घातलेली होती.

व्याह्यांचा धाकटा मुलगा परदेशात कुठल्याशा थंड मुलखात नोकरीला आहे. वडिलांना गळ टाकून मासे धरायचा नाद, म्हणून त्याने तिकडून हिवाळ्यात पाण्यात उभे राहायचा पोशाख पाठवला. छातीपर्यंत येणारी पॅन्ट, तिला खाली बूट जोडलेलेच, वर खांद्यावरून पट्टे, आणि त्यावर टोपीवाला कोट. बाहेरचे पाणी आत येत नाही, पण आतला घाम बाहेर जातो. हे कसे होते ते व्याह्यांनी मला दोनदा समजावले. दोन्ही वेळा मला वाटले, की ज्या कापडातून घाम जातो त्यातून पाणी यायला काय हरकत आहे? पण मी बोललो नाही. लेकीच्या सासऱ्याला कापडाबद्दल शंका विचारायच्या नसतात. किंमत मात्र त्यांनी न विचारता सांगितली. चहाच्या आधी सांगितली, चहानंतर सांगितली आणि निघताना आम्ही विसरलो तर नाही, म्हणून पुन्हा सांगितली.

व्याही गोंदियाला राहतात, त्यांचे नळ-पाइपांचे दुकान आहे. आमचे गाव चोरखमाऱ्याच्या तलावाजवळ. त्यामुळे लेकीचे लग्न ठरवताना त्यांनी मुलगी पाहिली की तलाव, असे मी एकदा बायकोला म्हणालो होतो. तिला ते आवडले नव्हते.

त्या रविवारी ते पहाटे आले, मासेमारी संस्थेची पावती फाडली आणि दुपारपर्यंत कमरेएवढ्या पाण्यात उभे राहिले. दोन रोहू मिळाले. पोशाखावर मात्र चिखल, माशांचा बुळबुळीत लेप आणि गळाला लावायच्या हळदीच्या कणकेचे पिवळे पंजे, असा सगळा ऐवज जमा झाला. जेवण झाल्यावर त्यांनी तो अंगणातल्या दोरीवर टाकला.

"पुढच्या रविवारी येतोच मी," ते म्हणाले. "इथंच राहू द्या. गोंदियाले नेला का घरचे सारे वासानं ओरडतात. फक्त टांगून ठेवा. बस."

"फक्त टांगून" हे शब्द मी ऐकले. बायकोनेही ऐकले. पण ऐकणे वेगळे आणि व्याह्यांचे मळके कपडे आठवडाभर आपल्या दोरीवर लोंबत ठेवणे वेगळे. आमच्याकडे व्याही, म्हणजे इवाई, आला की आधी पाय धुवायला पाणी, मग पाट, मग जेवण, जाताना खांद्यावर दुपट्टा. अशा माणसाची चिखलाची पॅन्ट गल्लीला दिसेल अशी टांगायची, म्हणजे गल्लीने काय समजायचे?

सोमवारी मी कामावर गेलो. मी भाताच्या गिरणीत हिशेब पाहतो. संध्याकाळी घरी आलो तर अंगणात व्याही उभे.

मी चप्पल काढता काढता "या या, कधी आले?" असे म्हणालोसुद्धा. मग लक्षात आले, की त्यांना डोके नाही.

पोशाख स्वतःच्या पायांवर उभा होता. गुडघे किंचित वाकलेले, कोटाच्या बाह्या दोन्ही बाजूंना उचललेल्या, जणू कोणी नुकतेच म्हणाले आहे, की वजन करायचे आहे, हात वर करा. दोरीचा आधार नाही, खुंटीचा नाही. मी बोटाने टोचले. टक् असा आवाज आला.

"हे काय केलंस?"

"धुतला," बायको म्हणाली. "मेहनत किती लागली म्हाईत हाय का? कडक पाणी, दोन मुठी पावडर, ब्रश मारला, मोगरी मारली. मंग कुठं वास गेला."

"आणि हा असा उभा काऊन आहे?"

"खळ देल्ली ना जी."

इथे खळीचे सांगायला हवे. आमचा सगळा मुलूख भाताचा. भात शिजला की मांड निघतो, आणि आमच्या घरात मांड वाया जात नाही. पातळ करून, गाळून, तो कपड्यांना देतात. धोतर, साडी, माझे गिरणीचे सदरे, उशांचे अभ्रे, सगळ्यांना खळ. एकदा तिने माझ्या रुमालाला खळ दिली होती आणि सर्दीत माझे नाक सोलून निघाले होते. खळ न दिलेला कपडा तिच्या लेखी अर्धवट धुतलेला. मग व्याह्यांचा कोट काय अर्धवट धुवायचा?

"अगं, तो जलरोधक आहे."

"मनूनच तर," ती म्हणाली. "पयले खळ बसतच नव्हती. वरच्या वर घसरून जाय. मंग परत पावडर लावली, परत घासला, तवा कुठं पीत गेला."

तिने हे अभिमानाने सांगितले. मला मात्र त्या वाक्यात सत्तावीस हजार बुडताना दिसले. जे कापड पाणी पीत नव्हते, ते आता मांड पीत होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी धुके होते. दूधवाल्याने फाटकातून त्या पोशाखाला रामराम घातला. उत्तर आले नाही. तो दूध ओतताना बायकोला म्हणाला, "पावने बोलत नाईत वाटते कोनाशी."

मी लेकीला फोन लावला. तिच्या लग्नाला दीड वर्ष झाले आहे. सासरी तसे सगळे बरे आहे, फक्त एक आहे: काही बिघडले की "तुमच्याकडे असंच करतात का?" हा प्रश्न तिला येतो. डाळ पातळ झाली, नळ गळला, मांजर दुधात पडले, प्रश्न तोच. मी आडून आडून विचारले, तो पोशाख धुवायचा झाला तर कसा धुतात?

"बाबा," ती एकदम म्हणाली, "आईनं हात लावला का त्याले?"

मी तिकडच्या थंडीचे विचारले. तिने ओळखले.

"अरे देवा. इथं कोणाले हात नाही लावू देत मामाजी. त्यांच्या पोरालेसुद्धा नाही. बाबा, तो खराब झाला ना, तर मले जन्मभर ऐकावं लागेल. डाळीचं ऐकते, नळाचं ऐकते, हे नाही ऐकल्या जाणार माझ्यानं."

"काही खराब नाही होणार," मी म्हणालो. मी सहसा असे वाक्य पुराव्याशिवाय बोलत नाही.

तिने व्हिडिओवर कोटाच्या आतली पट्टी दाखवायला लावली. पट्टीवर चित्रे होती. एका घमेल्यात हात घातलेला. एका त्रिकोणावर फुली. इस्त्रीत एक टिंब. पिळलेल्या कपड्यावर फुली. बायको मागून डोकावून म्हणाली, "येवढ्या फुल्या? मंग करायचं तरी काय त्याचं?" लेकीने एकेक चित्राचा अर्थ सांगितला. कोमट पाणी, कडक नाही. पावडर नाही, पातळ सौम्य साबण, तोही थोडा. चेन आणि चिकटपट्ट्या आधी बंद करायच्या. ब्रश नाही, फक्त मऊ फडके. पिळायचे नाही, निथळू द्यायचे. साबणाचा अंशही राहता कामा नये. सावलीत वाळवायचे, आधी आतून, मग उलटून बाहेरून.

"आणि खळ?" बायकोने विचारले.

"खळीचं चित्रच नाही काढलं त्यायनं, आई. कोणी देईल असं त्यायले वाटलंच नसेल."

मी मोजून कोमट पाणी घेतले आणि पोशाख भिजत घातला. पाणी पांढरे झाले. बदलले. पुन्हा पांढरे. पोशाख मऊ पडला खरा, पण शिवणीत, खिशात, पट्ट्यांच्या खाली आणि गुडघ्यांच्या दुहेरी कापडात खळीचे गोळे बसले होते, ते बोटाला लागत होते. आणखी दोन-तीन पाण्यांची गरज होती. पण धुके हटेना. सावलीत ठेवलेली पॅन्ट शुक्रवारी ओली, शनिवारी दमट. आता परत भिजवली तर रविवारी व्याह्यांना ओली पॅन्ट द्यावी लागली असती. मी बाहीवर चमचाभर पाणी सोडून पाहिले. नव्या कोटावर पाणी धोप्याच्या, म्हणजे अळूच्या, पानावर फिरते तसे फिरत होते. आता ते जागच्या जागी गुडूप झाले.

"सांगून टाकू," मी बायकोला म्हणालो.

"आल्या आल्या नका सांगू. जेवल्यावर मी सांगीन," ती म्हणाली. "उपाशी माणसाले कायले काही सांगायचं?"

रविवारी व्याही आले, पोशाख चढवला आणि पाय वाकवताना थांबले. "जरा आखडला वाटते."

"थंडी फार पडली ना," मी म्हणालो. थंडी फार पडली होती, त्यामुळे हे वाक्य खोटे नव्हते.

मी त्यांच्यासोबत तलावावर गेलो. ते एरवीसारखे कमरेएवढ्या पाण्यात जाऊन उभे राहिले. थोड्या वेळात त्यांच्याभोवतीचे पाणी ताकासारखे दिसू लागले. आधी बोटाएवढ्या मासोळ्या आल्या. मग आणखी आल्या. मग पाण्याखालून काहीतरी मोठे वळले, आणि व्याह्यांचा दोरा ताणला गेला. पहिला रोहू काठावर आला तो चांगला तीन किलोचा. ते परत जागेवर जाऊन उभे राहतात न राहतात तोच दुसरा.

"गुदगुल्या होऊन राहिल्या," ते मला ओरडून म्हणाले. "पायाले टोचून राहिले साले!"

मला कारण माहीत होते. आमच्या भागात तळ्यात मासे पाळणारे त्यांना भाताचा कोंडा आणि मांडच घालतात. व्याह्यांच्या गुडघ्यांतून, खिशांतून, पट्ट्यांच्या खालून आमच्या घरची खळ सुटत होती आणि तलाव पंगतीला बसला होता.

संस्थेचा राखणदार काठावर येऊन बसला. त्याने विचारले, "काय चारा लावला जी?"

"चारा कायचा," व्याही म्हणाले. "हात लागते त्याले, हात."

चौथ्या माशानंतर त्यांचे दात वाजू लागले. कोट खांद्यापर्यंत काळपट ओला दिसत होता. ओठ जांभळे.

"बाहेर या आता," मी म्हणालो. "बाधेल."

"चूप बसा इवाई! आवाजानं मासे पळतात."

मासे पळत नव्हते. त्यांना हाकलले असते तरी गेले नसते. शेवटी सहाव्या रोहूला त्यांचे गारठलेले बोट गळाच्या आकड्यावरून सुटेना, तेव्हा राखणदाराने आणि मी त्यांना दोन काखांत धरून बाहेर काढले. ते कुडकुडत होते आणि तोंडभर हसत होते.

घरी चुलीपुढे बसवून बायकोने त्यांना दोन घोंगड्या दिल्या, गरम वरण-भात दिला, आणि ठरल्याप्रमाणे शेवटचा घास पोटात जाईपर्यंत थांबली. मग कमरेला हात लावून म्हणाली, "इवाईबुवा, एक सांगते. तुमच्या कोटाले मी धुतलं. पावडरीनं. आन् खळ देल्ली. मनून तुमी भिजले."

व्याह्यांनी ताट बाजूला सारले. मी मनात रक्कम मोजू लागलो.

"खळ?"

"मांडाची. चांगली दाट."

"आणि मासे पण त्याच्यामुळेच आले," मी म्हणालो. खरे सांगायचे तर पूर्ण सांगावे, असे मला वाटले. तीच चूक झाली.

व्याह्यांनी माझ्याकडे पाहिले. "म्हणजे तुमचं म्हणणं का आहे? मासे माझ्या गळाले नाई आले, माझ्या पॅन्टले आले?"

"गळालाच लागले. पण आले ते..."

"तीस साल झाले मले गळ टाकता टाकता. आज हात जमला, तर तुमी म्हणता भाताचा मांड?"

"तसं नाही. पण कोट खराब झाला आहे. माझी जबाबदारी आहे. मी भरून देईन."

"कायचा खराब? कोट बिलकुल ठीक आहे."

"मग तुमचा सदरा कशाने भिजला?"

"घामानं," व्याही म्हणाले. "सहा रोहू ओढाले मेहनत नाई लागत का?"

बायकोने माझ्याकडे पाहिले. चुलीपुढे दोन घोंगड्यांत थरथरणारा माणूस घामाची गोष्ट सांगत होता, आणि आम्ही नुकसान कबूल करत असूनही ते त्याच्या गळ्यात बांधता येत नव्हते. खळीने कोट बिघडला हे मान्य केले, तर खळीनेच मासे आले हेही मान्य करावे लागणार. सहा रोहूंच्या बदल्यात ते कोटाचे वाटोळे विसरायला तयार होते. जाताना ते पोशाख परत आमच्याच दोरीवर टाकून गेले.

संध्याकाळी लेकीचा फोन आला. तिचा आवाज इतका हलका मी लग्नानंतर ऐकला नव्हता. "बाबा, मामाजी सगळ्यायले मासे दाखवून राहिले. तुमच्याकडचं पाणी मस्त म्हणतात. कोटाचं काही नाही बोलले."

तिथेच थांबलो असतो तर बरे झाले असते. पण मला झोप लागेना. माणूस पाण्यात उभा राहणार, वय साठीचे, आणि अंगात पाणी पिणारा कोट. आज ओठ जांभळे झाले, उद्या छातीत भरले तर? शिवाय वस्तू जशी घेतली तशी परत द्यावी, हे मला पटते. मी लेकीकडून अशा कापडाचा खास पातळ साबण आणि वरून मारायचा फवारा मागवला. मग मी स्वतः रजा टाकली.

चेन लावल्या, चिकटपट्ट्या दाबल्या. शिवणीतली खळ मऊ दातघासणीने, पाणी सोडत सोडत काढली. कोमट पाण्याची घमेली बदलत राहिलो. शेवटचे पाणी ग्लासात घेऊन उजेडाला धरले, तेव्हा ते नळाच्या पाण्यासारखेच दिसले. पिळले नाही. ओसरीच्या सावलीत रुंद काठीवर घातले, बूट उलटे करून आत हवा जाऊ दिली. नशिबाने धुके हटले होते. वाळल्यावर फवारा सगळीकडे सारखा मारला, वर पातळ सुती कापड ठेवून मंद इस्त्री फिरवली. चित्रात एकच टिंब होते, तेवढीच. बायको पूर्ण वेळ शेजारी बसून होती. दोनदा म्हणाली, "येवढं तर तुमी कधी पोरीले न्हाऊ नाई घातलं."

मग बाहीवर चमचाभर पाणी सोडले. थेंब गोल झाले, घरंगळले आणि खाली फरशीवर पडले. बाही कोरडी.

पुढच्या रविवारी व्याही आले. कोट झकास मऊ, चिखलाचा डाग नाही, वास नाही. ते पाण्यात उभे राहिले ते दुपारपर्यंत. सदरा कोरडा, पाय गरम, ओठ गुलाबी. आणि एकही मासा नाही. राखणदार येऊन बसला, थोडा वेळ पाहत राहिला आणि निघून गेला. जेवताना व्याही एक शब्द बोलले नाहीत. वरणाला मीठ कमी होते तेही बोलले नाहीत.

रात्री लेकीचा फोन.

"ऐकलं," ती म्हणाली.

"काय ऐकलं?"

"'तुमच्याकडे असंच करतात का? चांगला लाभलेला कोट होता, तुझ्या बापानं धुऊन धुऊन त्याचा गुण घालवला.'" तिने सासऱ्यांचा आवाज काढला. "बाबा, खराब केला तवा नाही ऐकलं मी. नीट केला तवा ऐकलं."

मी म्हटले, "उद्या मी येतो, त्यांना समजावून सांगतो."

"तुमी नका येऊ. तुमी पूर्ण सांगता." मग ती हसली. "मी सांगितलं. म्हटलं, मामाजी, मासे खळीले आले होते. आता असं करा, खळ डब्यात न्या आणि कोट कोरडा राहू द्या. माझी आई मांड ठेवीन, बाबा कोंडा आणतीन, त्याचे गोळे करून पाण्यात टाकत जा. तुमचा हात तर आहेच."

"मग?"

"टीव्ही पाहत बसले. मंग म्हणाले, 'हे आधी काऊन नाई सांगितलं कोनी?'"

"आम्ही सांगितलं की! चुलीपुढे!"

"बाबा, राहू द्या. ते मले पुढं म्हणाले, 'तुमच्याकडे काय काय करतात, मले लिहून दे.'"

मी फोन ठेवल्यावर बायकोला सांगितले. ती म्हणाली, "पायलं ना? खळीनंच झालं शेवटी," आणि दिवा मालवून झोपली.

तेव्हापासून दर शनिवारी आमच्या घरी मांड बाजूला निघतो. बायको त्यात कोंडा कालवून लिंबाएवढे गोळे करते. त्या दिवशी माझ्या सदऱ्यांना खळ मिळत नाही, हा माझा फायदा. व्याह्यांना कधी दोन मासे मिळतात, कधी चार. कोट मी स्वतःच धुतो. कोंड्याबद्दल व्याही एकदा म्हणाले, "तुमी तर गिरणीतच हाय, फुकट नाई का भेटत?" मी म्हणालो, नाही.

पहिल्या पोत्याचे एकशे साठ रुपये झाले. गिरणीत कोंडा रोखीनेच विकला जातो आणि रोख माझ्याकडेच जमा होते. म्हणून मी माझ्या खिशातून पैसे काढले, मोजले, माझ्याच हातात दिले, पुन्हा मोजले, गल्ल्यात टाकले आणि मला पावती दिली.